काडीवरची रेघ

—नाही, नाही, हात लावू नका, झाकण मीच उघडतो. आधी ऐकून घ्या. तेल बदलताना हिला तेल किती लागतं, हे तुम्ही विचारलंत ना डॉक्टर, ते फार बरं केलंत. जुनी मोटरसायकल बघायला येणारा माणूस काय विचारतो — कागद आहेत का, पळते का, शेवटचं किती घेणार. तेलाचं कुणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणजे दाताचे डॉक्टर असलात तरी तुम्हाला गाडीतलं कळतं. तर उत्तर ऐका. अडीच लिटर. सव्वादोन नाही, पावणेतीन नाही, ‘साधारण’ नाही, ‘बघून टाका’ नाही — अडीच. आणि तुम्हाला कुणी छातीठोकपणे सव्वादोन सांगितलं, तर समजायचं की तो माझा धाकटा भाऊ आहे. येईलच तो थोड्या वेळात. म्हणून तर तुम्हाला जरा लवकर बोलावलं. बसा. ते स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे, या खुर्चीवर बसा.

ताईने तुम्हाला काय काय सांगितलंय कोण जाणे. आमची ताई म्हणजे — तुमच्याकडेच तिची कवळी झाली ना, ती झाल्यापासून जरा जास्तच बोलते. आम्हा तिघांत ती थोरली, मग मी, मग तो. आमच्यातले निरोप तीच ने-आण करते. मी तिला एक वाक्य सांगतो, त्याच्याकडे पोचेपर्यंत त्याचं अर्धंच उरतं, आणि त्याचं उत्तर येतं ते दुप्पट होऊन येतं. मापात काही राहतच नाही. आणि मापाची अशी हेळसांड माझ्यासारख्याला सहन होत नाही हो, कारण मी उभा जन्म वजनमापं निरीक्षक होतो. निवृत्त झालो, पण नजर थोडीच निवृत्त होते. दूधवाला आमच्या दारात आला की आधी घाम पुसतो. भाजीवालीने तर हात जोडून सांगितलंय, काका, तुम्ही आपले तुमचा तराजू घेऊन या. जातो घेऊन. त्यात लाज कसली? हे माप बघा. अर्ध्या लिटरचं, पितळी. तळाला शिक्का आहे, बोट फिरवून बघा. असं माप आता बाजारात मिळत नाही. ऑफिसातलंच आहे — म्हणजे निवृत्तीच्या दिवशी मिळालं. मिळालं म्हणजे दिलं असं कुणी नाही, पण परतही कुणी मागितलं नाही. याने पाच वेळा ओतायचं, की अडीच लिटर. थेंब इकडचा तिकडे नाही.

गाडी बाबांची. बाबा वीजखात्यात होते, खांब आणि तारा तपासत गावोगाव फिरायचे ते हिच्यावरून. ती खरचटलेली खूण दिसते का टाकीवर, तिथे मी बसायचो. मागे आई, आईच्या मांडीवर धाकटा. ताई घरी, कारण ताईला गाडी लागायची. तर बाबांनी जाण्याआधी आम्हा दोघांना उशाशी बसवलं आणि सांगितलं, गाडी दोघांची. सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे, आणि देताना तेल बदलून द्यायची. उष्ट्या तेलावर भावाला गाडी द्यायची नाही. विकू नका असं काही म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्या, म्हणजे तुमच्या मनात किंतु नको. मी तेव्हाच विचारलं, बाबा, तेल किती? आता आमची बायको मला अजून बोल लावते, की बाप शेवटच्या घटका मोजतोय आणि तुम्ही तेलाचा हिशेब विचारता. पण विचारायला नको? मागाहून भानगडी होतात. बाबा काय म्हणाले, तर म्हणाले, ती मागेल तेवढं. बोला. हे काय माप झालं? आणि धाकटा आपला मान हलवतोय, सगळं समजल्यासारखा.

त्याला समजणारच, त्याचा धंदाच तसला. कपडे शिवतो. म्हणजे शिवायचा, आता दुकान दिलं. माझे सगळे शर्ट त्यानेच शिवले — हा अंगातलासुद्धा, जुना आहे, पण शिवण बघा. तो टेपने माप घ्यायचा आणि वर आपल्या मनाने अर्धा इंच सोडायचा. मी म्हणायचो, अरे, छाती अडतीस तर अडतीसच काप. तर म्हणायचा, दादा, माणूस श्वास घेतो ना. घ्या. असल्या माणसाच्या हातात मोटरसायकल, आणि तेल म्हणे सव्वादोन. मी कितीदा समजावलं. तर म्हणाला, बाबांनी सांगितलंय तसं बघून टाकतो, सव्वादोनला तिचं पोट भरतं. तिचं पोट भरतं. जेवायला बसलीय का ती?

पहिली काही वर्षं मात्र छान गेली, खोटं कशाला बोलू. आमची दोन घरं गावाच्या दोन टोकांना, मधोमध पेट्रोल पंप. तिथे भेटायचं ठरलेलं. ज्याच्याकडे गाडी तो घेऊन यायचा, दुसरा चालत यायचा. पंपाच्या मागच्या बाकावर चहा व्हायचा. मग तो मला मागे बसवून माझ्या घरापर्यंत सोडायचा आणि मग गाडी घेऊन आपल्या घरी. माझी पाळी असली की मी त्याला सोडायचो. वास्तविक त्यात पेट्रोल वाया, दुप्पट चक्कर. पण ते मी कधी काढलं नाही. काही गोष्टी माणूस मोजत नाही. मग एकदा गाडी माझ्याकडे आली, आठेक दिवस नुसती उभी होती, आणि मग एका सकाळी मी काडी बघितली. काडी म्हणजे ही — सीटखाली ही वेगळी टाकी दिसते ना, तेल हिच्यात असतं, आणि हिच्या झाकणाला ही काडी जोडलेली असते. काडीवर रेघ आहे. तेल रेघेला पाहिजे. आणि तेल कुठे? रेघेच्या पार खाली. तळाला नुसतं ओलं. मी म्हटलं, असेल, विसरला असेल, माणूस आहे. गुपचूप भर घातली, कुणाला बोललो नाही. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तेच. आता एकदा झालं तर चूक म्हणता येते हो. दरवेळी होतं त्याला काय म्हणायचं? मी हॉटेलवाल्यांवर, रॉकेलवाल्यांवर याच्यापेक्षा कमीसाठी खटले भरलेत.

तरीसुद्धा मी बोललो नसतो. तोच बोलला. पंपावर, चार माणसांसमोर. मी नियमाप्रमाणे तेल बदलून, काडी पुसून, गाडी चकाचक करून नेलेली, आणि हा चहाचा कप खाली ठेवून मला म्हणतो, “दादा, एक विचारू का? तू तेलात मारतोस का रे?” मी. मला. माझ्या मापाखाली अख्खा बाजार थरथरायचा, आणि मला हा विचारतो तेलात मारतोस का. म्हणे, तुझ्याकडून गाडी आली की काही दिवसांनी बघावं तर तेल निम्मं. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. मग मीही बोललो. काय बोललो ते आता — बोललो. गिऱ्हाइकाच्या कापडातलं उरलेलं कापड ठेवून घेणाऱ्याने भावाच्या तेलात हात घालावा यात नवल नाही, असं काहीसं. तर त्याने किल्ली उचलली आणि गेला. मला सोडायला आला नाही. मी घरी चालत आलो. आता ते उन्हाचे दिवस, त्याला निदान एवढं तरी — जाऊ दे.

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. पाच-सहा वर्षं झाली. पण गाडीची पाळी चुकलेली नाही, हे सांगतो तुम्हाला, दोघांनीही. बापाचा शब्द आहे. फक्त आता किल्ली पंपावरच्या हवा भरणाऱ्याकडे ठेवायची. मी सकाळी नेऊन लावतो, तो दुपारी येऊन नेतो. मी समोर टायरवाल्याच्या दुकानात थांबतो. म्हणजे त्याला बघायला नव्हे, गाडी नीट नेतो की नाही ते बघायला. आधी तो एका किकमध्ये चालू करायचा, आता तीन-चार लागतात. उजवा गुडघा गेलाय त्याचा. किक मारली की थांबतो, कमरेवर हात ठेवतो, इकडेतिकडे बघतो कुणी बघतंय का. अंगानेही उतरलाय. स्वतःचे शर्ट स्वतः शिवतो आणि तेच खांद्यावरून ओघळतात, आता सांगा. टायरवाला म्हणतो, काका, एवढं वाकून बघता, जाऊन बोला की. मी म्हटलं, तू तुझी पंक्चर काढ.

आणि गाडीला दरवेळी नवीन काहीतरी करून पाठवतो. ही सीटची खोळ बघा, दुहेरी शिवण, कोपऱ्याला आतून पट्टी. हँडलच्या मुठींना हे कातडं, हातशिलाई आहे, मशीनची नाही. मी काय समजायचं? समजलो. मन खातंय त्याचं. तेल काढून घेतो आणि वरून खोळ घालून पाठवतो. चोराच्या मनात चांदणं. ही म्हणते, अहो, तेल चोरून तो करणार काय, डोक्याला लावणार? एवढंसं तेल, त्याच्या दुप्पट पैसे त्या कातड्याला पडले असतील. पण बायकांना तत्त्व कळत नाही. प्रश्न तेलाचा नाहीच. तिने तर पुतणीच्या लग्नालाही जायचं काढलं होतं. लहानपणी ती पोरगी इथे टाकीवर, माझ्याच जागेवर बसायची आणि हॉर्न सोडायची नाही. मी म्हटलं, तू जा, मी तेलचोराच्या घरी जेवणार नाही. गेली ती. परत आली ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, धाकटे भाऊजी सारखे दाराकडे बघत होते, फोटो काढतानासुद्धा. आता दाराकडे माणूस कशासाठीही बघतो. वारं येतं दारातून.

हो, मुद्द्यावर येतो. विकायची का? तर तो निघालाय. त्या पोरीकडे राहायला, लांब. दुकान दिलं, घर दिलं, उद्या सामान हलणार. ताईकडून निरोप पाठवला, की गुडघ्याने मला आता गाडी जमायची नाही, आणि सहा महिन्यांनी इतक्या लांबून न्यायला कोण येणार, तेव्हा दादाने विकून टाकावी, मी जायच्या आधी एकदा येऊन बघून जाईन. बघून जाईन म्हणे. गाडीला. मी म्हटलं, ये. कारण काय सांगू डॉक्टर, हा गेला तर माझ्या हातून कायमचा सुटतो. मग मी कुणाला सिद्ध करून दाखवणार? पाच-सहा वर्षं मी मनात केस तयार करतोय. आणि आज गाडी माझ्याकडे येऊन दहा-बारा दिवस झालेत. हवा भरणाऱ्याकडून आणली, इथे स्टँडवर लावली आणि हात लावला नाही. मुद्दाम. मुद्देमाल जसाच्या तसा ठेवायचा असतो. तुम्ही तिऱ्हाईत, शिकलेले, वर डॉक्टर. तुमच्यासमोर काडी काढायची, तुम्ही रेघ बघायची, आणि तो आला की एवढंच सांगायचं की हो, तेल कमी आहे, मी डोळ्यांनी बघितलं. बस. पंचाचं काम एवढंच असतं. मग गाडी तुमची. किमतीत मी ताणणार नाही.

आता बघा. जागा सपाट आहे, मी पाणसळ लावून घेतलीय. गाडी सरळ उभी. इंजिन गार. माप नेहमी गार आणि स्थिर असताना घ्यायचं, हलती वस्तू कधी मापायची नाही, हा पहिला धडा. धाकट्यालाही मीच शिकवला तो, लहानपणी. सकाळी उठल्याउठल्या बघायचं, गाडी झोपेत असताना. तेवढं एक मात्र तो अजून माझं ऐकतो. हे झाकण उघडलं. काडी पुसली. घातली. काढली. घ्या, या उजेडात धरा. दिसतंय? रेघ इथे आणि तेल तिथे, टोकाला. जेमतेम बोटभर काडी बुडालीय. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघितलंत ना नीट? हं. आता हे त्याच्या तोंडावर — काय? चालू करून बघायचीय? करू की. तुम्ही घेणार, तुम्हाला आवाज ऐकायचाच असणार. तेल कमी आहे पण चार मिनिटांनी काही होत नाही. सरका जरा, किक उलटी बसते कधीकधी. एक — नाही. आणखी एकदा. आ — लागली. ऐका. ऐका तो ठोका. बाबा दोन वळणं पलीकडे असले तरी आई चहा टाकायची या आवाजावर.

धूर? हो, तेवढा धूर येतो हिला आरंभाला. पांढरा-निळा. त्याच्याकडे जायला लागल्यापासून येतो. पिस्टनच्या रिंगा खाल्ल्यात त्याने. आणि हिला तेल ओकायची सवयही त्याच्याचकडे लागली — मी भर घालून चालवली ना की इथून, या नळीतून, तेल बाहेर. माझ्या दोन पँटी गेल्या. म्हणजे बघा कसं आहे, आधी तेल नसतं, आणि मी घातलं की ते हिला सोसत नाही. उपाशी माणसाला एकदम वाढलं की कसं होतं तसं. काय म्हणता? बंद करू? केली. का, आवाज आवडला नाही? काय बघायचंय पुन्हा? काडी? अहो, आत्ताच तर बघितली. पुन्हा काय बघायची, चार मिनिटांत तेल काय पिल्लं घालतंय? बरं, बघा. तुमच्या समाधानासाठी. सावकाश, झाकण तापलं असेल.

हे काय. हे कसं? थांबा, पुसा ती. पुसून पुन्हा घाला. नीट, तळापर्यंत. काढा. रेघेच्या वर? डॉक्टर, तुम्ही काही ओतलंत का? खरं सांगा. मी सायलेन्सरकडे वाकलो तेव्हा? नाही, तुम्ही तसे दिसत नाही, पण आम्हाला नोकरीत कुणीच तसं दिसायचं नाही. खिसे? छे, खिसे कशाला दाखवता, ठेवा ते. मग हे आलं कुठून? माझा डबा तर हा इथे सीलबंद आहे. पुन्हा एकदा घाला बरं काडी. वरच आहे. रेघ बुडालीय.

सावकाश सांगा, मला नीट समजून घेऊ दे. उभी राहिली की वरच्या टाकीतलं तेल झिरपत खाली उतरतं. कुठे? इंजिनाच्या पोटात. मधे एक गोळी असते, ती झिजली की अडवत नाही. दिवसागणिक थोडंथोडं. आणि चालू केली की पंप ते पुन्हा वर टाकीत आणून टाकतो. म्हणजे तेल कुठे जातच नाही. तुमच्याकडे अशाच दोन गाड्या आहेत, आणि दोन्हींचं हेच. म्हणून बघायचं ते चालवून आल्यावर, गरम असताना. अहो, पण ही कसली पद्धत? हलत्या वस्तूचं माप — बाबा. बाबा संध्याकाळी आले की डोक्यावरची टोपी काढायच्या आधी काडी बघायचे. इंजिनावर हात टेकवत नव्हता इतकं ते तापलेलं असायचं, फडक्याने धरून बघायचे. आम्ही दोघं हसायचो. मी धाकट्याला म्हणायचो, बाबांना घाई फार, नीट माप घ्यायचं तर सकाळी. सकाळी. म्हणजे मी जे वरून ओतत होतो ते आधीच असलेल्यावर ओतत होतो, आणि ती ते ओकत होती. आणि माझ्याकडून गेल्यावर तो सकाळी उठून, मी शिकवलं तसं, गार गाडीला काडी घालून — म्हणून म्हणाला तो. उगाच नव्हता म्हणाला.

पाणी? नको. बसतो जरा. हो, तेच स्टूल, माहितेय पाय आखूड आहे. लग्नाला गेलो नाही हो मी. तिच्या लग्नाला. टाकीवर बसायची ती. तुमच्या धंद्यात बरं असतं डॉक्टर, चुकीचा दात काढला तर लगेच रक्त येतं, कळतं तरी. नाही, तुम्ही काढला असेल असं नाही म्हणत. मी आपलं बोलतोय.

बरं, आता ऐका. तो कुठल्याही क्षणी येईल. पंचाचं ते राहू द्या. काडीचं काही बोलायचं नाही. तुम्ही काही बघितलं नाही, मी काही बघितलं नाही. मी असं करतो — मी त्याला माफ करतो. का, हसताय काय? मोठा आहे मी. मोठ्याने पोटात घालायचं असतं. मी म्हणतो, अरे, झालं गेलं विसरून जा, तेल घेतलंस तर घेतलंस, भाऊ आहेस माझा. त्यालाही बरं वाटेल, जायच्या वेळी मन हलकं होईल. खरं सांगायचं तर — खरं कुठे सांगायचंय, तेच म्हणतोय. अहो, उभा जन्म मापं तपासली मी. मी कुणाला काय तोंडाने सांगू, की मला काडी बघता येत नव्हती? आणि त्याने विचारलं की मग दादा, त्या पंपावर मला बोललास ते काय होतं, तर? आता उद्या जाणाऱ्या माणसाला तो त्रास कशाला. माफ केलं की मिटलं. त्यातच मोठेपणा आहे. ते झाकण लावा घट्ट. आणि इंजिनावर ओलं फडकं टाका, गरम लागायला नको. चटका बसला का? बघू. फुंकर मारा.

आला. फाटक त्याचंच, तो अर्धंच उघडतो आणि आडवा होऊन येतो. तुम्ही काही बोलू नका. ये रे. ये, आत ये. चपला असू दे, घालूनच ये, तुझा गुडघा — कुणी काही सांगितलं नाही, दिसतंय. हे डॉक्टर. ताईचे. गाडी बघायला आलेत. तू बस आधी. इथे, खुर्चीवर. काय झालं, असा का बघतोस? बोल ना. नाही, आधी मी बोलतो. मी मोठा आहे. मला तुला एवढंच सांगायचंय की ते तेलाचं — काय? काय म्हणालास? पुन्हा म्हण.

तू मला माफ केलंस?

तू. मला. कशाबद्दल? मी तेल घेतलं म्हणून? जाऊ दे म्हणतोस, जायच्या वेळी मनात काही ठेवायचं नाही म्हणतोस. अरे, पण मी तुला माफ करायला — तू कोण मला माफ करणारा? सव्वादोन लिटरवाला. आणि एवढ्या लांबून, असल्या गुडघ्याने, रिक्षा न करता चालत आलास ते मला माफ करायला? हसू नकोस. मला हसू येत नाहीये, डोळ्यात धूर गेलाय. उठ, इकडे ये, ही काडी धर. नाही, आधी कबूल कर — नाही, आधी गाडी चालू कर, मग सांगतो. किक मी मारतो, तू बस मागे. सांगतो ना, पंपापर्यंत जाऊन येऊ, मग काडी बघू, मग तू बोल काय बोलायचं ते, सगळं बोल.

डॉक्टर, तुम्ही निघा आता. गाडी आज नाही मिळायची. आम्हाला भांडायचंय.